गुडइयरचे देणे

पुणे-सातारा रस्त्यावर सुरूर फाट्याला वळून वाईकडे येताना, किंवा वाई सोडून पसरणी घाटाने पाचगणीला चढताना रस्त्याच्या कडेला एक पाटी हमखास दिसते. कधी ती पत्र्याची असते, कधी जुन्या टायरवरच पांढऱ्या रंगाने अक्षरे काढलेली असतात. हवा, पंक्चर आणि तिसरा शब्द व्हल्कनायझिंग. या तिसऱ्या शब्दाचे लेखन कोणत्याही दोन पाट्यांवर सारखे आढळत नाही. कुठे वल्कनाईज, कुठे ओल्कनायझिंग. लिहिणाऱ्याला त्याचा अर्थ विचारला तर तो ट्यूबवर ठिगळ चिकटवायच्या गरम यंत्राकडे बोट दाखवतो. ते उत्तर चुकीचे नाही. पण मराठी विश्वकोशाचे कार्यालय असलेल्या गावात राहायचे आणि रोज दिसणाऱ्या शब्दाचे कूळ शोधायचे नाही, हे बरे दिसत नाही.

शब्द रोमन लोकांच्या अग्निदेवतेवरून आला. व्हल्कन हा त्यांचा अग्नी आणि लोहारही. रबर आणि गंधक एकत्र करून त्यांना आच दिली की रबर टिकाऊ होते, त्या क्रियेला हे नाव मिळाले. गंमत अशी, की ज्याने ही क्रिया शोधून काढली त्याने हे नाव दिले नाही. आणि ज्याच्या मित्राने नाव दिले, त्याने मूळ माणसाच्या देशाबाहेरच्या कमाईवर पाणी सोडायला लावले. त्या मूळ माणसाचे नाव चार्ल्स गुडइयर. हे नाव टायरवर कोरलेले आपण सगळ्यांनी वाचलेले असते. त्यामुळे तो कोणी बडा कारखानदार असावा, अशी समजूत असते. प्रत्यक्षात त्याने आयुष्यात एकही मोटारटायर पाहिला नाही, आणि तो मेला तेव्हा त्याच्या नावावर सुमारे दोन लाख डॉलरचे कर्ज होते.

बँकेत होतो तेव्हा मी माणसांकडे कर्जदार म्हणून पाहत असे. कादंबऱ्या लिहू लागल्यापासून कर्जदारांकडे माणूस म्हणून पाहू लागलो. गुडइयरकडे मला दोन्ही नजरांनी पाहावेसे वाटते, कारण एका नजरेने त्याचा हिशेब पुरा होत नाही.

चार्ल्सचा जन्म २९ डिसेंबर १८०० रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात न्यू हेवन या गावी झाला. वडील अमासा गुडइयर बटणे आणि शेतीची अवजारे बनवीत. चार्ल्स हा थोरला. मुलगा हाताने कुशल आणि देवभीरू होता, पण प्रकृतीने नाजूक. १८२४ साली त्याचे क्लॅरिसा बीचरशी लग्न झाले. दोन वर्षांनी, १८२६ साली, त्याने फिलाडेल्फियात लोखंडी सामानाचे दुकान काढले. परदेशी मालाच्या त्या जमान्यात देशी बनावटीचे सामान विकणारा दुकानदार, म्हणजे एका परीने स्वदेशीवालाच. दुकान चालले, पण उधारीवर. ज्यांना माल दिला ते बुडाले, त्यांच्याबरोबर हाही बुडाला. १८३० च्या सुमारास दिवाळे निघाले. त्या काळी तिकडे कर्ज थकले की माणसाला तुरुंगात टाकत. तुरुंगात बसलेला माणूस कमावणार कसा आणि फेडणार कसा, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांना पडला नव्हता. गुडइयरने पुढल्या पंचवीस वर्षांत या तुरुंगाच्या पायऱ्या इतक्या वेळा चढल्या, की विनोदाने तो त्याला आपले नेहमीचे उतरण्याचे ठिकाण म्हणत असे.

रबर त्याच्या आयुष्यात आले ते १८३४ साली. न्यूयॉर्कमध्ये रॉक्सबरी इंडिया रबर कंपनीच्या दुकानात त्याने पाण्यात तरंगवणारा रबरी पट्टा पाहिला. त्याची हवा भरायची झडप त्याला निकृष्ट वाटली. घरी जाऊन त्याने चांगली झडप बनवली आणि ती विकायला पुन्हा दुकानात गेला. व्यवस्थापकाने झडपेची तारीफ केली आणि आतल्या खोलीतले खरे दुखणे दाखवले. अमेरिकेत तेव्हा रबराचा ताप चढला होता. ब्राझीलहून येणाऱ्या या चमत्कारिक चिकापासून बूट, कोट, टोप्या बनवायला भराभर कंपन्या निघाल्या, लोकांनी शेअर घेतले. पण पहिल्याच उन्हाळ्यात बूट चिकीच्या पाकासारखे ओघळले, त्यांना असह्य घाण सुटली. आणि जे हिवाळ्यात विकले होते ते थंडीने लाकडासारखे कडक होऊन तडकले. हजारो डॉलरचा माल परत आला होता. झडप सुधारून काय उपयोग, रबरच सुधारायला हवे, असे त्या गृहस्थाचे म्हणणे पडले.

गुडइयर रसायन शिकलेला नव्हता. खिशात पैसा नव्हता. फिलाडेल्फियाला परतला तोच सावकारांनी त्याला पुन्हा तुरुंगात घातले. तेथे त्याने बायकोकडे दोन वस्तू मागितल्या. कच्च्या रबराचा गोळा आणि लाटणे. कोठडीतल्या बाकावर हा माणूस कणीक मळावी तसे रबर मळत आणि लाटत बसला. रबराच्या इतिहासातली पहिली महत्त्वाची प्रयोगशाळा ही अशी होती, आणि तिच्यातले एकमेव उपकरण स्वयंपाकघरातून आले होते.

चिकट वस्तूत कोरडी भुकटी घातली तर चिकटपणा जाईल, हा त्याचा पहिला साधा विचार. लाडू वळताना हाताला पीठ लावतात तसाच. त्याने मॅग्नेशिया घातला. गोळा पांढराशुभ्र आणि सुरेख झाला. घरच्या स्वयंपाकघरात बायको-मुलींना हाताशी घेऊन त्याने शेकडो बूट बनवले. उन्हाळा आला आणि बूट वितळले. शेजाऱ्यांनी वासाची तक्रार केली तेव्हा तो न्यूयॉर्कला गेला. तिथे एका नमुन्यावरची रंगीत नक्षी काढायला त्याने नायट्रिक आम्ल ओतले. तुकडा काळा पडला म्हणून फेकून दिला, आणि मग आठवण होऊन कचऱ्यातून परत उचलला. त्याचा पृष्ठभाग कोरडा, गुळगुळीत झाला होता. या आम्लाच्या कृतीचे त्याला १८३७ साली पेटंट मिळाले, भांडवल देणारा भागीदारही मिळाला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी येऊन बँका कोसळल्या, भागीदार धुऊन निघाला. गुडइयरचे कुटुंब स्टेटन आयलंडवरच्या एका बंद पडलेल्या रबर कारखान्यात राहू लागले आणि समुद्रातल्या मासळीवर दिवस काढू लागले. मधल्या काळात आम्लाच्या वाफांनी तो मरता मरता वाचला होता.

माणूस मात्र अंगावर रबरी कोट, रबरी टोपी, रबरी बूट घालून फिरायचा. लोक हसत. ज्या मालावर जगाचा विश्वास उडाला होता त्याची ही चालती-बोलती जाहिरात होती.

मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी त्याला नॅथानिएल हेवर्ड भेटला. रबरावर गंधक पसरून ते उन्हात ठेवले की वरचा थर सुधारतो, हे हेवर्डला सापडले होते. गुडइयरने त्याचा हक्क विकत घेतला. सरकारने टपालाच्या दीडशे पिशव्यांची मागणी दिली. त्या तयार करून, टांगून ठेवून हा महिनाभर बाहेरगावी गेला. परत येऊन पाहतो तो पिशव्या आपल्याच वजनाने मुठींपासून तुटून खाली पडलेल्या. रबर वरून सुधारले होते, आतून तसेच कच्चे होते.

१८३९ च्या हिवाळ्यात वोबर्नमध्ये ती प्रसिद्ध घटना घडली. गंधक मिसळलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला. तो वितळायला हवा होता, पण चामड्यासारखा होरपळला आणि जळक्या भागाच्या कडेला एक पट्टी अशी राहिली, की जी ताणली जात होती आणि चिकटत नव्हती. त्याने तो तुकडा रात्री दाराबाहेर कडाक्याच्या थंडीत खिळ्याने ठोकून ठेवला. सकाळी तो तितकाच लवचीक होता. ऊन आणि थंडी, दोन्ही परीक्षांत तो उतरला. या घटनेला अपघात म्हटलेले गुडइयरला पुढे आवडत नसे. शेगडीवर वस्तू पडणे हे कोणाच्याही घरी घडते, पण ती उचलून पाहण्यासाठी पाच वर्षे त्याच एका गोष्टीचा ध्यास घेतलेला माणूस लागतो, असे त्याचे म्हणणे. मला ते पटते.

काय घडले होते, हे तेव्हा कोणालाच कळले नव्हते. आज शाळेतली मुलेही सांगतील, की रबर म्हणजे लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. कच्च्या रबरात त्या शेवयांच्या गुंत्यासारख्या एकमेकींवरून घसरतात. गंधक आणि उष्णता मिळाली, की साखळी आणि साखळी यांच्यामध्ये गंधकाचे टाके पडतात आणि शेवयांची जाळी बनते. ओढली तर ताणते, सोडली तर मूळ आकाराला येते. मात्र टाके पडले की पडले. कुंभाराकडची कच्ची माती पाण्यात घालून पुन्हा मळता येते, पण आव्यातून निघालेल्या मडक्याची पुन्हा माती होत नाही. फोडले तर खापऱ्या होतात. गुडइयरने रबर भाजून पक्के केले. त्या पक्केपणाचा दुसरा अर्थ काय होतो, हे कळायला जगाला शतकभराहून अधिक काळ लागला. त्याकडे मी पुढे येतोच.

शेगडीची गोष्ट सगळ्या पुस्तकांत असते. नंतरच्या पाच वर्षांची बहुधा नसते, आणि माझ्या मते खरा माणूस तिथे दिसतो. किती गंधक, किती उष्णता, किती वेळ, हे त्याला ठाऊक नव्हते. बायकोच्या भाकरी भाजायच्या भट्टीत, किटलीच्या वाफेत, ओळखीच्या कारखान्यांच्या बॉयलरपाशी तो तुकडे शिजवत राहिला. घरातली भांडी विकली गेली, सामान गेले, मुलांची शाळेची पुस्तकेसुद्धा विकली गेली. १८४० साली तो बॉस्टनला मित्राकडे पन्नास डॉलर मागायला गेला. ते मिळाले नाहीत, उलट पाच डॉलरचे हॉटेलचे बिल देता आले नाही म्हणून तुरुंगात गेला. त्याच काळात त्याचा दोन वर्षांचा मुलगा वारला. त्याची अनेक मुले बालपणीच गेली.

बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही तीन गोष्टी पाहत असू. माणूस, धंदा आणि तारण. गुडइयरचा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर माणूस प्रामाणिक, धंदा नाही आणि तारण शून्य, असा शेरा नियमाप्रमाणे पडला असता. नियम चुकीचे नसतात, ते ठेवीदारांच्या पैशांसाठी असतात. पण मग असल्या माणसाला भांडवल कोण देतो? त्याच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. मेहुणा विल्यम डी फॉरेस्ट याने हजारो डॉलर घातले, आणि उरलेले क्लॅरिसाने घातले. तिच्याकडे पैसे नव्हते. तिने दागिने घातले, घरातले कापडचोपड घातले, स्वतःची प्रकृती घातली आणि मुले पुरली. चरित्रकार तिच्या सोशिकतेचे कौतुक करतात. कादंबरीकार म्हणून मला ते कौतुक अपुरे वाटते. जगाने जी वस्तू वापरली तिच्या भांडवलात या बाईचा वाटा होता, आणि तो कुठल्याच खात्यावर जमा झालेला नाही. शोधाची किंमत शोध लावणारा देतो असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा ती त्याच्या घरातले देतात, ज्यांना कोणी विचारलेले नसते.

अखेर दाबाखालच्या वाफेत चार ते सहा तास, सुमारे १३२ अंश सेल्सियस उष्णता, हे गणित जमले. १५ जून १८४४ रोजी त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले. पण मधल्या काळात भांडवल मिळेल या आशेने त्याने आपले नमुने इंग्लंडला पाठवले होते. ते थॉमस हॅनकॉक या जाणत्या रबर कारखानदाराच्या हाती पडले. हॅनकॉकने नमुन्यावरचा गंधक ओळखला, स्वतः प्रयोग केले आणि नोव्हेंबर १८४३ मध्ये, गुडइयरच्या काही आठवडे आधी, इंग्लंडमध्ये पेटंटचा अर्ज टाकला. व्हल्कनचे नाव सुचवणारा ब्रॉकडन हा हॅनकॉकचाच मित्र. इंग्लंडचे पेटंट हॅनकॉककडे राहिले. फ्रान्समधले हक्क तांत्रिक मुद्द्यावर गेले.

अमेरिकेत नक्कल करणारे उदंड झाले. १८५२ साली ट्रेंटनच्या कोर्टात होरेस डे याच्याविरुद्ध मोठा दावा चालला. गुडइयरच्या बाजूने डॅनिअल वेबस्टर उभा राहिला, अमेरिकेचा तेव्हाचा परराष्ट्रमंत्री आणि नामांकित वकील. निकाल गुडइयरच्या बाजूने लागला. वेबस्टरची फी होती पंधरा हजार डॉलर. गुडइयरला एका खटल्यातून तेवढे कधी सुटले नाहीत. परवाने त्याने इतक्या स्वस्तात दिले होते, की परवानेदार गबर झाले आणि मालक कर्जात राहिला.

पैसा हाती आला तरी तो टिकत नसे, कारण रबराचे प्रदर्शन मांडायचे त्याला वेड होते. १८५१ च्या लंडन प्रदर्शनात त्याने तीस हजार डॉलर खर्चून संपूर्ण रबराचे दालन उभे केले. भिंती, फर्निचर, दागिने, सगळे रबराचे. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात पन्नास हजार. तिथे फ्रान्सच्या बादशहाने त्याला मानाचा क्रॉस दिला. तो त्याच्या हाती पोचला तेव्हा तो पॅरिसमधल्या क्लिशी तुरुंगात होता, अर्थात देणे थकल्यामुळे. क्लॅरिसा त्याआधीच १८५३ साली लंडनमध्ये वारली होती. रबरापासून काय काय होऊ शकेल याची त्याने मोठी यादी केली होती. जहाजांची शिडे, झेंडे, वाद्ये, आणि चक्क चलनी नोटासुद्धा. ही शेवटची सूचना मान्य झाली असती तर महिनाअखेरीला ती नोट ताणायची सोय झाली असती, असे माझ्यासारख्या जुन्या कॅशियरला वाटून जाते.

१ जुलै १८६० रोजी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तो वारला. आजारी मुलीला भेटायला निघाला होता. वाटेतच ती गेल्याचे कळले आणि तो कोसळला. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली ती १८९८ साली, ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी. फ्रँक सायबर्लिंगने ती काढली आणि आदर म्हणून हे नाव दिले. गुडइयरच्या वारसांचा तिच्याशी संबंध नव्हता. पुढे त्याच नावाचा कारखाना आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजलाही उभा राहिला.

रबर पक्के झाले नसते तर टायर झालाच नसता. १८८८ साली डनलॉप नावाच्या बेलफास्टमधल्या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केलेल्या हवेच्या टायरचे पेटंट घेतले. योगायोग असा, की त्याच साली आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीचे मूळ असे दोन चाकांवर आहे. पुढे मोटारी आल्या, ट्रक आले. भांडुपला सीएटचा कारखाना झाला, गोव्यात उसगावला एमआरएफचा. भुईंजच्या कारखान्याकडे उसाच्या मोळ्या घेऊन जाणाऱ्या बैलगाड्यांची लाकडी, लोखंडी धावेची चाके जाऊन टायर आले, त्यांना आपण डनलॉप गाडी म्हणू लागलो. बैलांच्या खांद्यावरचा भार त्यामुळे हलका झाला, हे मी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिले आहे. गुडइयरच्या देण्यात तेही धरले पाहिजे.

आता मडक्याच्या खापऱ्यांकडे येऊ. जगात दरवर्षी शंभर कोटींच्या आसपास टायर निकामी होतात. टायर कुजत नाही, विरघळत नाही आणि काचेसारखा वितळवून पुन्हा ओतताही येत नाही. गंधकाचे टाके मोकळे सुटत नाहीत. म्हणून तो गॅरेजमागे, ओढ्याकाठी, गच्चीवर पडून राहतो. पावसाळ्यात त्यात पाणी साठते आणि डेंग्यूचे डास होतात. कोणी तो थंडीत शेकोटीला पेटवतो, त्याचा काळा धूर सगळ्या आळीच्या छातीत जातो. टायरच्या हवाबंद भट्ट्याही निघाल्या आहेत. हवेशिवाय तापवून तेल, काजळी आणि पोलादी तार काढायची. नीट चालवली तर ही सोय आहे. नीट न चालवली तर भट्टीजवळच्या वस्तीचे कपडे दोरीवरच काळे होतात, आणि हरित लवादापर्यंत तक्रारी जातात. पुन्हा तोच प्रश्न आहे. वापर एकाचा आणि किंमत दुसऱ्याच्या घरातून.

निकामी होण्याआधीही टायर काही मागे ठेवतोच. नव्या टायरची नक्षी झिजते ती जाते कुठे? पसरणी घाटात शनिवार-रविवारी मोटारींची रांग लागते, वळणावळणाला ब्रेक दाबले जातात. झिजलेले रबर बारीक धुळीच्या रूपाने रस्त्यावर पडते, आणि पहिल्या पावसात उतरणीने ओढ्यांत जाते. आमच्याकडचे ओढे कृष्णेलाच मिळतात. २०२० साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की टायर तडकू नये म्हणून घातलेल्या एका रसायनाचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन जो पदार्थ बनतो, तो पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन सामन जातीचे मासे मारतो. ज्या मासळीवर गुडइयरच्या मुलांनी दिवस काढले, तिच्याशी रबराचे असे नाते जुळावे, हे कादंबरीत लिहिले तर ओढूनताणून आणले असे वाचक म्हणतील.

उपाय नाहीत असे नाही. सगळ्यांत जुना आणि शहाणा उपाय आपल्या ट्रकवाल्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. डिझेलच्या खालोखाल टायरचा खर्च, हे त्यांच्या वहीतच दिसते. म्हणून टायर गुळगुळीत झाला की ते तो रिट्रेडिंगला टाकतात, बोलीत रिमोल्ड म्हणतात. जुना पृष्ठभाग खरवडायचा, वर नव्या रबराचा पट्टा चढवायचा आणि गुडइयरच्याच कृतीने, ठराविक उष्णतेत ठराविक वेळ शिजवायचा. सांगाडा तोच राहतो, म्हणजे टायरातला बहुतांश माल पुन्हा कामाला येतो. स्वस्त परदेशी टायर आले की या धंद्याला फटका बसतो, कारण रिमोल्डच्या किमतीत नवा मिळतो. तो नवा टायर किती वेळा पुन्हा रबर घेईल, हे मात्र विकत घेताना कोणी विचारत नाही. शिवाय टायरचा भुगा डांबरात मिसळून रस्ते होतात, चटया आणि पायताणेही होतात.

कंपन्याही कामाला लागल्या आहेत. २०२३ च्या जानेवारीत गुडइयर कंपनीने ९० टक्के टिकाऊ स्रोतांतल्या मालाचा नमुना टायर दाखवला. त्यात सोयाबीनचे तेल होते आणि भाताच्या तुसाच्या राखेतून काढलेली सिलिका होती. जावळीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याला तूस म्हणजे भट्टीचे जळण. त्याचा टायर होतो ऐकून तो चकित होईल. रबर मात्र झाडाचेच लागते. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे साडेआठ लाख टन नैसर्गिक रबर पिकले आणि चौदा लाख टनांहून अधिक लागले. ते मुख्यतः केरळात होते. आपल्याकडे दोडामार्गाच्या डोंगरांवरही बागा झाल्या आहेत. ही तूट भरून काढायला चार मोठ्या टायर कंपन्यांनी ईशान्येकडे दोन लाख हेक्टरवर लागवडीसाठी पैसा घालायचे २०२१ साली ठरवले. मात्र जंगल तोडून रबर लावले तर एक देणे फेडायला दुसरे काढल्यासारखे होईल. जंगलतोडीच्या जमिनीवरचे रबर घेणार नाही, असा कायदा युरोपीय संघाने २०२३ साली केला आहे, तो याच कारणाने.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा बदल कागदावरचा आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने टायर उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी टाकली. टायर विकला म्हणजे संबंध संपला असे नाही, तो निकामी झाल्यावर त्याची वाट लावण्याची जबाबदारीही बनवणाऱ्यावर. पहिल्या वर्षी ३५ टक्के, दुसऱ्या वर्षी ७० टक्के आणि २०२४-२५ पासून पूर्ण १०० टक्के. नोंदणी झालेल्या पुनर्वापर कारखान्यांकडून तेवढी प्रमाणपत्रे कंपनीने घ्यायची. आमच्या भाषेत, कंपनी त्या टायरची शेवटपर्यंत जामीनदार झाली. मला ही कल्पना फार आवडली. पण जामीनदाराच्या सह्या आणि जामीनदाराची ऐपत यांतला फरक पाहण्यात मी उमेदीची वर्षे घालवली आहेत. प्लॅस्टिकच्या बाबतीत अशीच पद्धत आली आणि २०२३ साली लाखो बनावट प्रमाणपत्रे उघडकीस आली. माल न हलता कागद हलला. टायरच्या बाबतीत तसे होऊ द्यायचे नसेल तर तपासनीसाने प्रमाणपत्र पाहून परत न जाता गोदामात जाऊन टायर मोजले पाहिजेत. पीककर्जाला आम्ही शेतावर जाऊन ऊस पाहत असू, तसे.

घरच्या माणसांनी करण्यासारखेही थोडे आहे. आठवड्याला हवा तपासली तर टायर जास्त चालतो, हे पंक्चरवाला फुकट सांगतो. नवा टायर घेताना जुना कुठे जाणार, हे दुकानदाराला विचारावे. पहिल्यांदा तो हसेल, दहा जणांनी विचारल्यावर उत्तर शोधून ठेवील. गच्चीवर पडलेला टायर पावसाआधी खाली आणावा.

गुडइयर दोन लाख डॉलरचे कर्ज ठेवून गेला. ते पुढे त्याच्या पेटंटाच्या उत्पन्नातून किती फिटले आणि किती सावकारांनी सोडून दिले, हा हिशेब आता कोणाच्या कामाचा नाही. त्याने जगाला दिलेली वस्तू मात्र अजून आपल्या अंगणात पडून आहे. तिच्यासाठी पहिली किंमत क्लॅरिसाने आणि तिच्या मुलांनी मोजली. शेवटची किंमत कोणाच्या मुलांनी मोजायची, एवढेच काय ते आपल्या हातात उरले आहे.